एक्केचाळीस अंगठे

ढब्बूला झोपवायचं म्हणजे एक हात त्याच्या मानेखाली अडकून पडायचा, तो पुढचा पाऊण तास. त्या पाऊण तासात दुसऱ्या हाताने जे जमेल ते त्याच्या आईचं. साडेपाच महिन्यांत ती डाव्या हाताने चहा प्यायला शिकली होती, डाव्या हाताने लंगोटांच्या घड्या घालायला शिकली होती आणि फोनवर मेल वाचायलाही. त्या सोमवारी दुपारी तिने वाचलेला मेल असा होता:

'नमस्कार मॅडम. तुमची अंकपेटी आमच्या हॉस्पिटलमध्ये वापरतात. सात महिन्यांपूर्वी मी तुमच्याकडे एक बग नोंदवला होता. गेल्या महिन्यात त्या बगमुळे आमच्याकडची तीन वर्षांची एक मुलगी दगावली. गुरुवारी चौकशी समितीपुढे मला उभं राहायचं आहे. मी तिथला प्रोग्रॅमर, एकटाच. तुमच्याकडून भरपाई वगैरे काही नको. एक गोष्ट फक्त लिहून हवी आहे. फोन कराल का?'

तिने मेल दोनदा वाचला. ढब्बूचा श्वास कोपराच्या खळगीत येत होता, जात होता. हात काढून घ्यावा असं तिला वाटलं आणि काढवेना.

अंकपेटी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. वेबपानावर आकडा भरायला जो चौकोन असतो, वयाचा, वजनाचा, कसलाही, तेवढाच तिचा संसार. माणसं आकडे नाना तऱ्हांनी लिहितात. कुणी दशांशाला टिंब देतं, कुणी स्वल्पविराम. हजारानंतर कुणी स्वल्पविराम देतं, कुणी नुसती जागा सोडतं. या सगळ्या गोंधळातून नेमका आकडा वेचून पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा, झालं. जावास्क्रिप्टच्या चारशे ओळी. कॉलेज संपलं त्या वर्षी एका रविवारी तिने त्या लिहिल्या, आणि ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात म्हणून मोकळ्या सोडल्या. मग एका फ्रेमवर्कने, म्हणजे वेबपानं बांधायच्या तयार सांगाड्याने, त्या उचलल्या. त्या फ्रेमवर्कवर कुणी फॉर्म बांधायचं साधन उभारलं, त्या साधनावर आणखी कुणी हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर. तीन मजले वर कोण राहतंय, हे पायातल्या विटेला कसं कळावं? तिला कळायचं ते इतकंच, की दर आठवड्याला कुणीतरी दार वाजवून सांगतं, बाई, तुमची वीट हलते.

"जगाची मोलकरीण आहेस," सासूबाई म्हणायच्या. "एवढी माणसं येतात, कामं सांगतात, जेवलीस का म्हणून एकाने तरी विचारलंय?"

"तसं नसतं हो आई."

"मग कसं असतं ते तरी सांग."

ती पुन्हा लॅपटॉपकडे वळायची.

ढब्बू उठला, प्यायला, सासूबाईंच्या मांडीवर गेला. तेव्हा कुठे तिने लॅपटॉप उघडला आणि अंकपेटीच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या तक्रारपानावर त्या माणसाची तक्रार शोधून काढली.

इतक्या नीट लिहिलेल्या तक्रारी वर्षातून दोनच येतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. 'दशांशाचा स्वल्पविराम असलेला आकडा हाताने टाइप केला तर बरोबर येतो. तोच दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केला, तर स्वल्पविराम गळतो. १,५ चे १५ होतात. आम्ही हे औषधाच्या मात्रेसाठी वापरतो. कृपया लवकर लक्ष घालावे.'

स्वल्पविराम का गळतो, ते तिला वाचता वाचताच कळलं. तिला आठवा महिना चालू असताना कुणीतरी एक सुधारणा पाठवली होती. लोक 'बारा हजार' स्वल्पविरामासकट पेस्ट करतात, तो काढून टाकावा. वाजवी वाटलं होतं. कोडच्या टेस्ट पास झाल्या होत्या. पाय सुजून भाकरी झाले होते आणि ते उशीवर ठेवून तिने लिहिलं होतं, 'छान. आभार.' आणि ते सगळ्यांच्या हवाली केलं होतं.

तक्रारीच्या खाली पुढचा मजकूर होता, तिच्या झाडूचा. झाडू म्हणजे तिने बाळंतपणाआधी बसवलेला बॉट, जुन्या तक्रारी आपोआप झाडणारा छोटा प्रोग्रॅम. तीनशेच्या वर तक्रारी तुंबल्या होत्या. अशा वेळी सगळेच बॉट बसवतात, तसा तिनेही बसवला. जी तक्रार तीस दिवस हलली नाही तिला तो विचारायचा, आहेस का? आणखी चौदा दिवस कुणी बोललं नाही, तर दार लावून कुलूप घालायचा.

'या तक्रारीवर तीस दिवसांत हालचाल नाही. अडचण अजून असल्यास कळवावे.'

त्या ओळीखाली एक छोटा पिवळा अंगठा होता आणि त्याच्या शेजारी आकडा. एक्केचाळीस. एक्केचाळीस माणसांनी अंगठा वर करून सांगितलं होतं, आहे, अजून आहे.

आणि त्याखाली: 'तक्रारदाराकडून प्रतिसाद नाही. बंद.' तारीख, ढब्बू जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

अंगठ्याचा नियम तिचाच होता. पाच वर्षांपूर्वी, 'मलाही', 'मलासुद्धा', 'अहो मला पण' असल्या शंभर शंभर मेलांनी जेरीस येऊन तिने नियमांच्या पानावर लिहिलं होतं: 'उगाच गर्दी करू नका. तुम्हालाही तीच अडचण असेल, तर नुसता अंगठा द्या. मी पाहते.' आणि झाडू बसवताना, तो फक्त लिहिलेले शब्द धरतो, अंगठा त्याच्या हिशेबी हालचालच नाही, हे तिने वाचलं होतं. वाचलं होतं, आणि नंतर बघू म्हणून पुढे गेली होती.

बग दुरुस्त करायला अकरा मिनिटं लागली. तिने घड्याळ बघायला नको होतं.

नवी आवृत्ती चढवून तिने फोन लावला. गच्चीच्या जिन्यात, पायरीवर बसून, दार ओढून घेऊन.

"मॅडम? तुम्ही खरंच कराल असं वाटलं नव्हतं."

"मॅडम नका म्हणू हो."

"बरं, ताई म्हणतो." आवाज तिच्याहून थोराड होता, पन्नाशीचा असेल. मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली. "ताई, आमच्याकडे वजनावरून मात्रा काढायचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते दशांशाला स्वल्पविराम देतं. सिस्टर लोक तिथला आकडा उचलतात आणि नव्या फॉर्ममध्ये पेस्ट करतात. वेळ कुणाला असतो टाइप करायला. मी चाचणीतच पकडलं होतं ते. तुमच्याकडे लिहिलं. सगळ्या वॉर्डांत कागद चिकटवले, पेस्ट करू नका, हाताने लिहा. रोज एक चक्कर मारून कागद जागेवर आहेत का बघायचो. लोक हसायचे, आले कागदवाले."

"मग?"

"मग त्या दिवशी माणूस कमी होतं म्हणून दुसऱ्या विभागातली सिस्टर पाठवली. तिला कागदाचं माहीत नाही. मुलीचं साधं ऑपरेशन, हर्नियाचं. दुखू नये म्हणून औषध चालू केलं. दीडचे पंधरा. चार दिवस होती."

जिन्यातल्या खिडकीच्या काचेवर कुणीतरी बोटाने काढलेली रेघ होती. ती त्या रेघेकडे बघत राहिली.

"समिती म्हणते, तक्रार तुझी, तुलाच विचारलं अजून अडचण आहे का, तू गप्प बसलास. म्हणजे तुलाच त्याचं गांभीर्य नव्हतं. मी म्हटलं, मी अंगठा दिला. तर ते माझ्याकडे असे बघतात, ताई... एक जण म्हणाला, माणसाचा जीव आहे आणि तुम्ही अंगठा दाखवताय? मी काय सांगणार? तुमचे नियम वाचून वागलो. आमच्यात नियम वाचणारा मी एकटाच गाढव."

"बंद झाल्यावर पुन्हा उघडता आली नाही?"

"तो हक्क तुमचा. खाली लिहायला गेलो तर कुलूप. मेल केले होते तुम्हाला. तीन."

तिने फोन कानाला धरूनच शोधलं. बाळंतपणाआधी तिने मेलमध्ये एक कप्पा केला होता, अंकपेटीचं जे येईल ते आपोआप तिकडे जावं म्हणून. कप्प्याचं नाव होतं 'बाळानंतर'. त्यात अकराशे मेल होते. त्याचे तीन. तिसऱ्याचा विषय होता, 'हात जोडून विनंती'. आजचा तेवढा चौथा त्याने तिच्या घरगुती पत्त्यावर धाडला होता, कुठून शोधला कोण जाणे.

"काय लिहून हवंय?"

"एवढंच, की मी कळवलं होतं. नियम तुमचा होता, तो मी पाळला, आणि तुमचं ते यंत्र अंगठे मोजत नव्हतं. तुमच्याशिवाय हे दुसरं कुणी सांगू शकत नाही, ताई."

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. दिवसभर लोकांची दुर्दैवं वाचून त्यातले शब्द निवडायचं त्याचं काम. बाही सारून तो ढब्बूच्या बाटल्या विसळत होता. ऐकता ऐकता त्याने नळ बंद केला.

"एक शब्द लिहू नकोस."

"अरे पण—"

"ऐक. तुमच्या त्या लायसन्समध्ये असतं ना, वस्तू आहे तशी, हमी कसलीच नाही, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही?"

"ते मी लिहिलेलं नाही. सगळेच तो मजकूर जसाच्या तसा डकवतात."

"म्हणून तर तो टिकतो. तू त्याच्या आत उभी आहेस. आता स्वतःच्या पायाने बाहेर येऊ नकोस."

"आणि तो माणूस?"

"वाईट वाटतंय गं मला. दगड नाहीये मी." त्याने हात टॉवेलला पुसले, बराच वेळ पुसले. "पण तू लिहिलंस की ते समितीच्या फायलीत जाणार. फायलीतून वकिलाकडे, तिथून पेपरात. उद्या ढब्बूच्या शाळेत कुणी आईचं नाव शोधलं, तर पहिलं काय दिसेल? याचा विचार कर. फुकट केलेल्या कामासाठी?"

सासूबाई दारात ढब्बूला खांद्यावर थोपटत उभ्या होत्या. त्यांना निम्मंच कळलं होतं.

"अंगठे म्हणजे?"

"सही करण्यासारखं, आई," तो म्हणाला. "मी पण यात आहे, असं सांगायला."

"मग त्यात काय एवढं? आमच्या वेळी लिहिता येत नसेल तो अंगठाच द्यायचा. पण समोर बसून कुणीतरी तो बघून घ्यायचं." त्या ढब्बूला घेऊन आत गेल्या. त्यांच्या गावीही नव्हतं आपण काय बोललो ते.

मंगळवारी, ढब्बूच्या सकाळच्या झोपेत, तिने पत्र लिहायला घेतलं. आधी मात्र तिने दुसरंच काहीतरी करून पाहिलं. झाडूची ती शेवटची ओळ, 'तक्रारदाराकडून प्रतिसाद नाही', ती तिला बदलता येत होती. मालकीण होती ती. 'देखभाल करणारी रजेवर असल्याने बंद' असं केलं तर त्या माणसाचंही भागेल आणि आपणही कुठे उभं राहायला नको. बोट कळीवर होतं. पण बदललेल्या ओळीखाली बदलल्याचा शिक्का आणि तारीख उमटते. चौकशी चालू असताना उमटलेली तारीख त्याच्याच गळ्याशी आली असती. तिने ओळ तशीच राहू दिली.

मग पत्राचा पहिला खर्डा. 'स्वयंचलित व्यवस्थेत काही त्रुटी राहिल्याने सदर तक्रार दुर्लक्षित झाली.' वाक्य छान होतं. नवऱ्यालाही पसंत पडलं असतं. तिने ते मोठ्याने वाचून पाहिलं. राहिली, झाली. सगळं आपलं आपण घडलेलं, जणू घरात कुणी नव्हतंच. तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'तो नियम मी केला. तो बॉट मी बसवला. तो अंगठे धरत नाही हे मला ठाऊक होतं. तक्रार मी वाचली नाही. या गृहस्थांनी नियमात सांगितलेलं सगळं केलं.' पाच वाक्यांना ढब्बूच्या दोन झोपा लागल्या.

नवऱ्याने ते वाचलं. रात्री जेवताना फक्त म्हणाला, "निदान बाळंतपणाचं तरी घाल त्यात. ते खोटं नाहीये."

"बघते," ती म्हणाली.

बुधवारी हॉस्पिटलच्या माणसाचा निरोप आला. नुसतं पत्र चालणार नाही म्हणतात. गुरुवारी साडेअकराला व्हिडिओवर या.

गुरुवारी तिने ढब्बूला पाजून सासूबाईंच्या स्वाधीन केलं, दार लावलं, आणि कपाटातला एकुलता एक दुधाचे डाग नसलेला कुडता घातला. पडद्यावर एक लांब टेबल दिसलं. पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. मधोमध अध्यक्ष, एक म्हातारे डॉक्टर, चष्मा कपाळावर. डाव्या कडेला भिंतीला टेकून बसलेला एक रोड माणूस, मांडीवर फाइल, ते कागदवाले असावेत. आणि टेबलाच्या अगदी टोकाला एक बाई. तिशीची, केस घट्ट बांधलेले. पुढ्यात काहीच नाही, कागद नाही, पाणी नाही.

"या त्या मुलीच्या आई," अध्यक्ष म्हणाले. "त्यांना हजर राहायचं होतं."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने पाच वाक्यं सांगितली. आवाज कुठे कापला, कुठे नाही, तिला कळलं नाही. अंगठा म्हणजे काय, हे तिने दोनदा समजावलं. एका सदस्याने विचारलं, "म्हणजे एक्केचाळीस जणांनी हो म्हटलं, आणि यंत्राने लिहिलं कुणी बोललं नाही?"

"हो."

"आणि हे असं होणार, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्ही ती तक्रार कधी वाचली?" अध्यक्षांनी विचारलं.

"या सोमवारी."

"सात महिन्यांनी. का?"

उत्तर तयार होतं. आठवा महिना, सुजलेले पाय, बाळंतपण, टाके, न झोपलेले आठवडे. एकही शब्द खोटा नव्हता. ती तोंड उघडणार तोच टेबलाच्या टोकाच्या त्या बाईने वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, खरंच काहीतरी कारण असेल तर ते ऐकायला.

"कारण नाही," ती म्हणाली. "वाचायला हवी होती."

तेवढ्यात आत ढब्बूने भोकाड पसरलं. सासूबाईंच्या चुचकारण्याला न जुमानणारं, भुकेचं. दार लावलेलं असूनही ते पडद्यापलीकडच्या खोलीत स्पष्ट गेलं असावं, कारण टेबलापाशी सगळेच थबकले. तिने घाईघाईने आवाज बंद करायला हात नेला.

"केवढं आहे?" त्या बाईने विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, त्याचा इथे काही—"

"साडेपाच महिन्यांचा," ती म्हणाली.

बाईने मनाशी मागे मोजलं. ते मोजणं चेहऱ्यावर दिसलं. तोंडाने न दिलेलं कारण आता सगळ्यांच्या मधोमध टेबलावर येऊन पडलं होतं.

"माझी तेव्हा चप्पल हाताने घालायला शिकत होती," बाई म्हणाली. "उलटीच घालायची." मग सरळ आवाजात, जसं शेजारणीला सांगावं तसं, "जा. रडवू नका त्याला."

"मी हे आधी पुरं—"

"जा म्हटलं ना."

ती गेली. पलंगाच्या कडेला बसून तिने ढब्बूला घेतलं. तो हुंदके देत देत प्यायला लागला. सासूबाई काही विचारणार होत्या, पण तिचा चेहरा बघून पदर सावरत बाहेर गेल्या. दूध येत होतं. रडू येईल असं तिला वाटत होतं, ते आलं नाही.

पंधरा मिनिटांनी ती एकटीच परत आली, तेव्हा पडद्यावर रिकाम्या खुर्च्या होत्या. कॅमेरा बंद करायचं राहिलं होतं. कागदवाले तेवढे बाटल्या गोळा करत होते. तिला बघून ते पुढे आले. जवळून ते आणखी थकलेले दिसत होते.

"झालं, ताई. माझ्यावर ठपका नाही. लेखी देणार आहेत."

"बरं झालं. म्हणजे नोकरी..."

"ती सोडतोय. पुढच्या महिन्यापर्यंत आहे. तो फॉर्म समोर आला की हात चालत नाही." त्यांनी बाटल्या टेबलावर ठेवल्या. "तुम्ही आलात. आमच्या साहेबांनी पैज लावली होती, येणार नाहीत म्हणून."

"त्या गेल्या?"

"हो. तुम्हाला काही बोलल्या नाहीत. मला जाताना जिन्यात विचारलं, त्या एक्केचाळीसमधले एक तुम्ही. बाकीचे चाळीस कोण होते?" ते ओशाळून हसले, मग हसू गेलं. "मी म्हटलं, माहीत नाही बाई. मला खरंच माहीत नाही, ताई."

तिलाही माहीत नव्हतं.

तिने लॅपटॉप मिटला नाही. अंगठ्यावर दाबलं की नावांची यादी उघडते, ती उघडली. टोपणनावं, फुलांची चित्रं, कुत्र्यांचे फोटो, काहींच्या जागी नुसता करडा गोल. नवी आवृत्ती तिने सोमवारीच चढवली होती, पण ती आपणहून कुणाकडे चालत जात नाही. कुणीतरी हाताने घ्यावी लागते, आणि तीन मजले वर कुणी कधी घेईल, किंवा घेणारच नाही, याचा नेम नसतो. सहा महिने झाले होते. त्यातले किती जण कागद चिकटवून बसले असतील, किती जण विसरले असतील, कुणाच्या कागदापुढे आज नवा माणूस बसला असेल.

एकेकाचं पान उघडून, पत्ता हुडकून, ती लिहीत गेली. एकच प्रश्न. 'अंकपेटी तुम्ही कशासाठी वापरता?' मध्ये सासूबाईंनी ताट आणून ठेवलं, ते निवून गेलं. नवऱ्याचा फोन येऊन गेला. अकरा जणांचा पत्ताच मिळाला नाही.

चारच्या सुमाराला पहिलं उत्तर आलं. शाळेच्या निकालपत्रासाठी. तिने श्वास सोडला. दुसरं, लाकडाच्या वखारीत मापं लिहायला. तिसरं आलं तेव्हा ढब्बू मांडीवर जागा होता आणि पडद्याकडे बघत होता.

'नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात,' तिसऱ्याने लिहिलं होतं. 'सलाइनचा वेग भरायला. का हो, काही झालं का?'

'आधी पेस्ट करणं थांबवा,' तिने लिहिलं. 'आत्ता, उठून जाऊन सांगा. मग फोन करा, सगळं सांगते.'